खेळ सुटतो तो का? : प्रौढांच्या व्हिडिओ गेमविषयीच्या अनास्थेचा विचार

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत खेळ हा विषय बालविकासाच्या प्रकरणात येतो आणि बहुधा तेथेच संपतो. प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात मुलांच्या खेळाचे तीन टप्पे सांगितले. पाळण्यातील मुलाचा खुळखुळा वाजवण्यासारखा निव्वळ कृतीचा खेळ, त्यानंतरचा भातुकलीसारखा कल्पनेचा खेळ, आणि शाळेच्या वयात सुरू होणारा नियमांचा खेळ. नियमांचा खेळ पुढेही टिकतो एवढे नोंदवून आपली पुस्तके पौगंडावस्थेकडे वळतात. त्यामुळे परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याची अशी समजूत होते, की दुधाचे दात पडावेत तसा खेळ गळून पडतो आणि त्याचे कारण विचारण्याचे प्रयोजन नाही.

परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अशी एक गोष्ट घडली आहे, की तिच्यामुळे हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. १९७२ साली अमेरिकेत 'पाँग' हा दोन रेघांनी एक ठिपका टोलवण्याचा खेळ आला, १९७८ साली जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० साली 'पॅक-मॅन' आले, आणि १९८३ साली निन्टेन्डो कंपनीचे घरच्या टीव्हीला जोडण्याचे यंत्र जपानात विक्रीस आले. आपल्याकडे हे यंत्र पोचले ते मुख्यतः नकलेच्या रूपाने. १९९० नंतरच्या दशकात, उन्हाळ्याच्या सुटीत, ज्यांच्या घरी ते यंत्र आणि त्याच्या कॅसेटी असत त्यांच्या घरी आळीतील सगळी मुले गोळा होत. 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' ही नावे त्या पिढीला पाठ्यपुस्तकातील धड्यांपेक्षा अधिक पाठ आहेत. पुढे २००० च्या सुमारास सायबर कॅफे निघाले आणि तासावर पैसे मोजून 'काउंटर-स्ट्राइक' खेळण्याची चाल पडली. ही मुले आज पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांची गृहस्थ मंडळी आहेत. त्यांतील कित्येकांच्या खिशात त्या जुन्या यंत्राहून कितीतरी पटींनी बलवान असा फोन आहे, हवा तो गेम विकत घेण्याइतके पैसेही आहेत. लहानपणी ज्याची स्वप्ने पाहिली ते सारे हाताशी असताना ती म्हणतात, "गेम लावला की दहा मिनिटांत बंद करावासा वाटतो." ही तक्रार तशी गंमतीची वाटेल. पण तिच्यात थोडे दुःखही असते, आणि अभ्यासकाने ते नजरेआड करू नये.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. व्हिडिओ गेम हा मुलांचाच खेळ असून मोठे झाल्यावर तो सुटणारच, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेतील या व्यवसायाची संघटना दरवर्षी खेळणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध करते, आणि त्या पाहण्यांत खेळणाऱ्यांचे सरासरी वय अनेक वर्षे तिशीच्या पुढे आहे. म्हणजे प्रौढ लोक खेळतात, पुष्कळ खेळतात. तेव्हा आपला प्रश्न मर्यादित आहे. ज्यांनी एके काळी जीव ओतून खेळले, त्यांतील अनेकांना पुढे त्याच प्रकारच्या खेळात रस का वाटत नाही?

"वेळ मिळत नाही" हे उत्तर सर्वांत आधी येते. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. हाच मनुष्य रात्री जेवणानंतर अंथरुणावर पडून फोनवर तासभर एकामागून एक चित्रफिती सरकवत असतो. तो तास त्याला सापडला तो कोठून? वेळ नाही असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्या कामासाठी लागणारी मनाची सिद्धता नाही, असे म्हणायचे असते. व्हिडिओ गेमला अशी सिद्धता लागते, हा पहिला महत्त्वाचा मुद्दा होय. चित्रफीत पाहणाऱ्याकडून काहीही मागत नाही. गेम मात्र दर सेकंदाला काहीतरी मागत असतो.

खेळाची ओढ मुळात कशाची असते, हे पाहिल्यावाचून ती का ओसरते ते कळणार नाही. कार्ल ग्रूस या जर्मन अभ्यासकाने १८९६ साली प्राण्यांच्या आणि १८९९ साली माणसांच्या खेळावर ग्रंथ लिहिले. त्याच्या मते खेळ ही पुढील आयुष्याची रंगीत तालीम होय. मांजराचे पिल्लू लोकरीच्या गुंडाळ्यामागे धावते ते उद्याच्या उंदरासाठी. हा विचार मान्य केला तर प्रौढाचा खेळ सुटणे अगदी स्वाभाविक ठरते, कारण नाटक सुरू झाल्यावर तालीम कोण करील? पण मग प्रौढ माणसे पत्ते का खेळतात आणि साठीचे गृहस्थ बुद्धिबळाच्या पटावर का भांडतात, याचा उलगडा होत नाही. १९५९ साली रॉबर्ट व्हाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या विचाराला वेगळे वळण दिले. भूक आणि तहान यांसारखीच, आपल्या कृतीचा भोवतालावर परिणाम व्हावा, आपल्याला काहीतरी जमावे, ही एक स्वतंत्र प्रेरणा माणसात असते, असे त्याने प्रतिपादन केले. जमत नव्हते ते जमू लागणे, यातच आनंद आहे.

हा आनंद व्हिडिओ गेम फार कुशलतेने देतो. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिलाच पडदा पाहण्यासारखा आहे. मारिओ डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणून मूल त्याला उजवीकडे नेते. समोरून एक भुवया चढवलेला प्राणी चालत येतो. त्याला धडकले की मारिओ मरतो. दुसऱ्या वेळी मूल घाबरून उडी मारते. कधी ती उडी त्या प्राण्याच्या डोक्यावर पडते आणि तो चिरडतो, कधी वरच्या प्रश्नचिन्हाच्या चौकोनावर डोके आपटते आणि नाणे निघते. पडद्यावर सूचनेचे एक अक्षर नसते, तरी अर्ध्या मिनिटात मुलाला धावणे, उडी, शत्रू आणि बक्षीस या चारही गोष्टी शिकवून झालेल्या असतात. एखाद्या शिक्षकाला हेवा वाटावा असा हा धडा आहे. रॅफ कॉस्टर या गेम रचणाऱ्या लेखकाने २००४ साली एका छोट्या पुस्तकात असे मत मांडले, की गेममधील मजा म्हणजे शिकण्याचीच मजा होय. मेंदू गेममधील आकृतिबंध ओळखत जातो तोवर मजा असते, आणि आकृतिबंध पुरता ओळखला की कंटाळा येतो.

आता या दृष्टीने पस्तिशीतील खेळाडूकडे पाहा. त्याने आजवर पन्नास-साठ गेम खेळलेले असतात. नवा गेम लावला, की त्याला पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे ओळखीचे दिसते. येथे नकाशा उघडत जायचा, येथे गुण जमवून तलवार सुधारायची, हा शत्रू तीनदा वार करून थकेल तेव्हा त्याच्यावर हल्ला करायचा. कथानक निराळे असते, चित्रे अधिक सुंदर असतात, पण व्याकरण तेच असते. भाषा एकदा शिकली की ती दुसऱ्यांदा शिकता येत नाही. ज्याला पुढच्या साठ तासांचा आराखडा पंधराव्या मिनिटाला दिसतो, त्याला ते साठ तास घालवण्याचे कारण उरत नाही. याला आपण रसहानी म्हणतो, पण खरे पाहता हे प्रावीण्याचे फळ आहे. त्यात आणखी एक ऐतिहासिक योगायोग मिसळला. या पिढीच्या बालपणात माध्यमच झपाट्याने वाढत होते. १९८५ चा मारिओ सपाट पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावे, तर १९९६ सालचा मारिओ खोली असलेल्या जगात कोणत्याही दिशेने फिरू लागला. अकरा वर्षांत एवढी झेप पाहिलेल्या डोळ्यांना आज दोन वर्षांनी आलेला नवा भाग जुन्यासारखाच वाटला, तर नवल नाही.

शिकण्याचा आनंद मिळण्यासाठी आणखी एक अट असते, ती अखंडतेची. हंगेरियन वंशाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ च्या ग्रंथात तल्लीनतेच्या अवस्थेचे वर्णन केले. समोरचे आव्हान आणि आपले कौशल्य यांचा तोल साधला, की मनुष्य कामात इतका बुडतो की वेळेचे भान राहत नाही. आव्हान फार मोठे झाले तर धास्ती वाटते, कौशल्य फार वाढले तर कंटाळा येतो. व्हिडिओ गेम हे या सिद्धांताचे जणू पाठ्यपुस्तकच आहेत. मात्र या अवस्थेत शिरायला काही काळ लागतो, आणि कोणी हाक मारली की ती मोडते. बारा वर्षांच्या मुलाला आई जेवायला हाक मारते तेव्हा तो "थांब ना, एवढा झाला की येतो" म्हणतो आणि ते चालून जाते. चाळीस वर्षांच्या बापाला असे म्हणता येत नाही. दाराची घंटा, दूधवाला, कचेरीतून आलेला निरोप, मुलाचे गणित, सासऱ्यांचे औषध. हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ सालच्या 'होमो ल्यूडेन्स' या ग्रंथात म्हटले आहे, की खेळाला स्वतःची वेगळी आखलेली जागा आणि वेळ असते आणि तिच्यात नित्याच्या व्यवहाराचे नियम लागू होत नाहीत. प्रौढ माणसाची अडचण नेमकी ही आहे, की त्याच्याभोवती हे कुंपण कोणी घालू देत नाही, आणि पुष्कळदा तो स्वतःही घालून घेत नाही.

मोठ्या लांबीच्या गेमच्या बाबतीत ही अडचण फारच जाचक होते. कादंबरी पंधरा दिवस बाजूला ठेवली तर मागची चार पाने चाळून पुन्हा वाचता येते. गेम पंधरा दिवसांनी लावला, की कथानक आठवते पण बोटे विसरलेली असतात. कोणते बटण ढाल उचलते आणि कोणते घोड्यावर चढवते, हे आठवेपर्यंत लांडग्यांनी आपला फडशा पाडलेला असतो. पुन्हा आरंभापासून शिकायचे म्हटले तर ज्याला आठवड्याला दोनच तास मिळतात, त्याचे दोन्ही तास उजळणीतच जातात. उजळणी हा शब्द शाळेतला आहे, आणि खेळात शाळा शिरली की तो खेळ राहत नाही.

यापुढचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याकडे लक्ष मात्र कमी जाते. ते म्हणजे अपराधीपणा. २०१४ साली राइनेके, हार्टमान आणि ईडन या संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसांनी घरी येऊन टीव्ही पाहिला किंवा गेम खेळले, तर त्यांना ताजेतवाने वाटते का, असा प्रश्न होता. असे दिसून आले, की जे अधिक थकलेले होते, तेच आपल्या त्या विरंगुळ्याकडे चालढकल म्हणून पाहत, त्यांना त्याबद्दल अपराधी वाटे, आणि त्या अपराधीपणामुळे विसाव्याचा लाभही कमी मिळे. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो सर्वांत कमी लाभतो. ही पाहणी युरोपातील असली तरी आपल्या घरांतील माणसांना ती परकी वाटणार नाही. आपली भाषाच पाहा. हलक्या कामाला आपण पोरखेळ म्हणतो, विचका झाला की खेळखंडोबा म्हणतो, आणि दुपारी पत्ते पिसणाऱ्या पुरुषाला रिकामटेकडा म्हणतो. त्यातल्या त्यात बाईमाणसाची स्थिती आणखी कठीण. मंगळागौरीला रात्रभर फुगड्या आणि झिम्मा खेळण्यास धर्माची मुभा होती, कारण ते व्रताचे अंग होते. व्रताची सबब नसताना निव्वळ मजेसाठी एक तास हातात गेम घेऊन बसलेली गृहिणी किती घरांत खपवून घेतली जाईल, याचा ज्याने त्याने विचार करावा. या घरांतील मुली मुलांएवढ्याच हौसेने त्या कॅसेटी खेळत होत्या. त्यांचा खेळ मुलांच्या कितीतरी आधी सुटला, आणि तो रस संपल्यामुळे सुटला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

शरीराचा भागही आहेच. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली 'स्टारक्राफ्ट २' या लढाईच्या गेममधील १६ ते ४४ वर्षे वयाच्या ३३०५ खेळाडूंच्या खेळांच्या नोंदी तपासल्या. नवे दृश्य दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंत जो अवधी जातो, तो वयाच्या चोविसाव्या वर्षापासूनच हळूहळू वाढू लागतो, असे त्यांना आढळले. वाढ सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाची असते. पण सोळा वर्षांच्या प्रतिस्पर्ध्यापुढे तेवढा अंश हरायला पुरतो. याच अभ्यासात असेही दिसले, की मोठ्या वयाचे खेळाडू साध्या सोप्या डावपेचांनी ही उणीव काही अंशी भरून काढतात. म्हणून केवळ बोटे मंदावली म्हणून खेळ सुटला, हे म्हणणे अतिशयोक्त होईल. अधिक खरे कारण असे, की हरजितीची गोडीच वयाबरोबर कमी होते. निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या प्रेरणांच्या ज्या मोठ्या पाहण्या केल्या आहेत, त्यांत वय वाढत जाते तशी स्पर्धेची ओढ इतर सर्व प्रेरणांपेक्षा अधिक घसरते, असे आढळले. विशीत आपण कोण हे अजून ठरायचे असते, म्हणून प्रत्येक विजय हा त्याचा पुरावा असतो. चाळिशीत ते बरेवाईट ठरून गेलेले असते.

आता सोबत्यांविषयी. डेसी आणि रायन या दोघांच्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा असतात. स्वेच्छेने वागता यावे, काही जमावे आणि कोणाशी तरी जोडलेले असावे. रायन, रिग्बी आणि प्रझिबिल्स्की यांनी २००६ साली हीच फूटपट्टी व्हिडिओ गेमला लावून दाखवली. ज्या गेममध्ये या गरजा भागतात त्यात माणूस रमतो. लहानपणी कॅसेट लावून खेळताना तिसरी गरज न मागता भागत असे. दोन रिमोट आणि सहा मुले, म्हणून चौघे मागे बसून सल्ले देत, आपली पाळी मोजत, आणि खेळणाऱ्यापेक्षा जास्त ओरडत. सायबर कॅफेत शेजारच्या खुर्चीवरच्याला गोळी लागली की त्याची शिवी कानात ऐकू येई. ती खुर्ची आता रिकामी आहे. एक मित्र पुण्याला, एक बंगळूरला, एक न्यू जर्सीला. आपल्याला गेम आवडत नाही असे ज्याला वाटते, त्याला पुष्कळदा गेम पूर्वीही फारसा आवडत नव्हता. त्याला ती खोली आवडत होती. इंटरनेटवर अनोळखी माणसांबरोबर खेळता येते हे खरे. पण लॉरा कार्स्टन्सन यांच्या संशोधनाने दाखवल्याप्रमाणे, वय वाढते आणि पुढचा काळ मर्यादित वाटू लागतो तसा मनुष्य नव्या ओळखी जोडण्यापेक्षा जुन्या, जिव्हाळ्याच्या थोड्या माणसांनाच अधिक वेळ देतो. चाळिशीतल्या माणसाला पोर्तुगालच्या एका अनोळखी मुलाला हरवून काय मिळणार?

याची उलट बाजू तपासून पाहण्याची सोय मुंबईच्या लोकलगाडीत आहे. सकाळ-संध्याकाळच्या गाडीत मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून चार नोकरदार पत्ते खेळताना कोणीही पाहिलेले आहेत. ही माणसे थकलेली असतात, त्यांना वेळ नसतो, त्यांची बोटेही मंदावलेली असतात. तरी त्यांचा खेळ वर्षानुवर्षे सुटत नाही. याचे कारण असे, की येथे हुइझिंगाचे कुंपण रेल्वेनेच घालून दिले आहे. गाडी सुटते तेव्हा डाव सुरू होतो, स्टेशन आले की मोडतो, आणि तेवढ्या काळात घर किंवा कचेरी कोणीही काम सांगू शकत नाही. अपराधी वाटण्याचे कारण नाही, कारण हा वेळ एरवीही वायाच जायचा होता. सोबती ठरलेले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्त्यांचे नियम बदलत नाहीत. दहाव्या वर्षी मामाच्या घरी शिकलेली रमी किंवा तीनशेचार सत्तराव्या वर्षीही उपयोगी पडते. व्हिडिओ गेममध्ये मिळवलेले कौशल्य मात्र यंत्राबरोबर माळ्यावर जाते. पाच-सात वर्षांनी यंत्र बदलते, गेम चालवणारी कंपनी आपला संगणक बंद करते, आणि ज्याने हजार तास खर्चले त्याच्या हाती काही उरत नाही. प्रौढ मनुष्य हा हिशेब करतो. तो त्याला करता येऊ नये अशी अपेक्षा कशी करावी?

गेम रचणाऱ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत या रसहानीत स्वतःची भरही घातली आहे. १९७१ साली डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. त्यांना सोमा नावाचे, तुकडे जुळवण्याचे कोडे सोडवायला दिले. एका गटाला मध्यंतरी प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला आणि नंतर देणे थांबवले. मग प्रयोगकर्ता खोलीबाहेर गेल्यावर कोण आपणहून कोडे हाती घेतो ते पाहिले. पैसे मिळालेल्या गटाने कोड्याला कमी वेळ दिला. मोबदला आला की खेळाचे काम होते. आज फोनवरील कित्येक गेम रोज हजेरी लावल्याबद्दल नाणी देतात, सात दिवस ओळीने आलात तर पेटी देतात, आणि एक दिवस चुकला तर पहिल्यापासून मोजतात. ही पद्धत आरंभी माणसाला बांधून ठेवते यात शंका नाही. पण दिवसभर हजेरीपटावर सही करणाऱ्या माणसाला रात्री आणखी एक हजेरीपट पुढे केला, तर तो एक दिवस राजीनामा देतो. दुकानांतील गर्दीचीही तीच गोष्ट. स्टीम या संगणकावरील गेमच्या बाजारात २०२४ या एकाच वर्षात अठरा हजारांहून अधिक नवे गेम आले. सवलतीत घेतलेले आणि एकदाही न उघडलेले गेम ज्यांच्या खात्यात पडून आहेत, त्यांना ती यादी न वाचलेल्या टपालासारखी दिसते.

एवढे झाल्यावरही मूळ विधानात एक दुरुस्ती करावी लागते. प्रौढांचा खेळाचा रस संपतो, हे सरसकट खरे नाही. २०२० च्या टाळेबंदीत नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ मध्ये काढलेला 'लुडो किंग' हा गेम घराघरांत पोचला. लुडो म्हणजे आपल्याच पच्चीसीचे इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट घेतलेले रूप. ज्या आत्याबाईंनी आयुष्यात व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता, त्या नागपुरात बसून ठाण्याच्या भाच्याची सोंगटी मारू लागल्या. येथे शिकण्याची अडचण नव्हती, डाव अर्ध्या तासात संपत होता, समोर ओळखीचे माणूस होते, आणि बाहेर पडायची बंदी असल्यामुळे अपराधीपणाही रजेवर होता. वर सांगितलेली बहुतेक सर्व कारणे एकाच वेळी दूर झाली आणि खेळ परत आला. टाळेबंदी उठली तसा पुष्कळ घरांतून तो पुन्हा गेलाही. याचा अर्थ रस माणसात असतो तसाच तो परिस्थितीतही असतो, असा मी घेतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे कर्तव्य आहे. एखाद्याला गेम नकोसा झाला, पण गाणे, गप्पा, जेवण, मित्र यांत रस आहे, तर काळजीचे कारण नाही. परंतु ज्या ज्या गोष्टींत पूर्वी आनंद वाटे त्या सर्वच दोन आठवड्यांहून अधिक काळ फिक्या वाटू लागल्या, झोप आणि भूक बिघडली, तर ते वय झाल्याचे लक्षण नसून खिन्नतेच्या विकाराचे असू शकते, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अतिरेकी खेळण्याच्या विकाराची नोंद आहे आणि वृत्तपत्रांतून चर्चा होते ती त्याचीच. खेळावेसेच न वाटणे याकडे घरातल्यांचे लक्ष जात नाही. उलट, "आता सुधारला" असे म्हणून ते समाधान मानतात.

आपल्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना या विषयावर प्रकल्प करायचा असेल, तर साहित्य घरातच आहे. काका, मामा, मोठी बहीण, शेजारचे गृहस्थ, ज्यांनी एके काळी गेम खेळले आणि सोडले, अशा दहा-बारा जणांच्या मुलाखती घ्याव्यात, आणि त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. "का सोडले?" असा प्रश्न सुरुवातीला विचारू नये, कारण त्याला "वेळ नाही" हे एकच उत्तर मिळते. शेवटचा गेम कोणता, तो कोणत्या खोलीत, दिवसाच्या कोणत्या वेळी खेळलात, शेजारी कोण होते, मधेच उठावे लागले का, उठवले कोणी, हे विचारावे. आणि ते जुने यंत्र अजून माळ्यावर आहे का, असल्यास टाकून का दिले नाही, हेही विचारून उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे.